पिवळ्या ठिपक्याचा हंगाम

इंगवले साहेबांनी मला फसवलं आणि मी सुशीलाक्काला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच टेबलावर, एकाच कागदावर झाल्या. त्याला चार हंगाम झाले. इंगवले साहेब गाड्यांचे सुटे भाग गोळा करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत माल तपासायचे, अजूनही तपासतात. सुशीलाक्का माझ्या शेडमध्ये इंजिनची माउंटिंग भरायची, आता भरत नाही. तिच्या हातांत खोट होती असं माझ्या सहीनं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे.

यंदाचा हंगाम गेल्या महिन्यात सुरू झाला. कसबा बावड्यात आमच्या नव्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की साखर कारखान्याची वाफ दिसते, आणि दिसायच्या आधी तिचा वास येतो. उकळलेल्या रसाचा, मळीचा, जळक्या चिपाडाचा. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींत तो भरतो आणि हंगाम संपेपर्यंत निघत नाही. सकाळी मी खिडकीत चहा घेत असते तेव्हा खाली उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. ट्रॅक्टर बंद करत नाहीत, नुसतेच घुमत ठेवतात. खिडकीची काच बारीक वाजत राहते. कपातल्या चहावर गोल गोल रेघा उठतात. शेजारचे वैतागतात, दार लावून घेतात. मी त्या रेघा बघत राहते. माझं सगळं आयुष्य ही थरथर कमी करण्यात गेलं आणि माझ्याच कपात ती रोज सकाळी येऊन बसते.

मी शिकलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा घरी बसून गाडीत बसवायच्या रबराच्या बुशांच्या कडा कात्रीनं कापून द्यायचं काम घेतलं. साच्यातून निघालेल्या रबराला कडेनं जास्तीची पापडी येते, ती कापायची. पोत्यानं माल यायचा. बोटाला कात्रीचे घट्टे पडले. पुढे रबर दाबायचा एक जुना प्रेस घेतला, मग दुसरा, मग शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत शेड. या लाइनीत बाई म्हणून कोणी मला सवलत दिली नाही आणि मी मागितली नाही. भाव करताना मी टेबलावर हात आपटते, हे खरं आहे. लोक मागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला नुसत्या बोल्टनं आवळलं तर गाडीत बसलेल्या माणसाचे दात वाजतील. म्हणून मध्ये रबर घालतात. गॅरेजवाले त्याला फौंडेशन म्हणतात, कंपनीवाले माउंटिंग. साधं माउंटिंग म्हणजे लोखंडाला चिकटवलेला रबराचा ठोकळा. पण भारी गाड्यांना तेवढ्यानं भागत नाही. त्यांचं माउंटिंग आतून पोकळ असतं. वर एक कप्पा, खाली एक कप्पा, दोन्हींच्या मध्ये गोगलगाईसारखी वळत गेलेली अरुंद वाट, आणि तळाला पातळ रबराचा पडदा. आत द्रव भरलेला असतो, रेडिएटरमध्ये घालतात त्यातला, ग्लायकॉल मिसळलेलं पाणी. गाडी खड्ड्यात आपटली की इंजिन वरचा कप्पा दाबतं, द्रव त्या अरुंद वाटेनं खाली पळतो, आणि पळता पळता हिसक्याचा जोर संपतो. बारीक थरथर रबर खातं, मोठा हिसका द्रव खातो. शेडमधल्या बायका त्याला पाणीच म्हणायच्या.

आत हवा राहिली तर सगळं फुकट. हे मला साहेब लोकांनी चित्रं काढून समजावलं होतं. सुशीलाक्कानं चित्राशिवाय सांगितलं. ती म्हणाली, "कळशी काठोकाठ भरली की डोक्यावर गप बसती. अर्धी आसली की नाचती. ह्येचं बी तसंच की."

हातकणंगल्याहून ती रोज यायची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, उंच, पाठीत जराशी वाकलेली. पहिल्या दिवशी दारात उभी राहिली तेव्हा मी विचारलं, "हे काम केलंय का आधी?"

"कामं लई केली. हे न्हाय केलं."

"मग जमणार कसं?"

"तुला तरी कुठं पोटातनं जमत हुतं, वैनी? शिकलीस की."

मला असं तोंडावर बोललेलं चालत नाही. तिला मात्र त्याच दिवशी ठेवून घेतलं.

काम असं चालायचं. शेडच्या मधोमध स्टीलचा लांब टब, त्यात द्रव. दोन्ही बाजूंना आठ बायका, कोपरापर्यंत हात बुडालेले. माउंटिंग द्रवाच्या आतच जोडायचं. आतच तिरकं करायचं, हलवायचं, बुडबुडे सोडवायचे. शेवटचा बुडबुडा वर आला की तळाचा पडदा बसवून त्याची कड दाबून धरायची, आणि तसंच उचलून प्रेसखाली द्यायचं. हातमोजे मी आणून दिले होते. मोज्यातून बुडबुडा कळत नाही म्हणून त्या काढून ठेवत, आणि मी बघून न बघितल्यासारखं करायची. मशीननं हे काम करणारे कारखाने आहेत. आमच्याकडे बोटं होती.

तयार झालेलं माउंटिंग पुसून प्रत्येकजण कानाशी हलवून बघायची, बाजारात नारळ बघतात तसं. आवाज आला म्हणजे आत हवा. नाही आला तर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. भिंतीवर तक्ता लावला होता, कोणाचा रंग कोणता त्याचा. सुशीलाक्काचा पिवळा. कंपनीत गेलेला माल कोणाच्या हातचा हे कळावं म्हणून ही पद्धत मीच काढली होती. त्याचा मला फार अभिमान होता.

ग्लायकॉल कातडीतलं पाणी ओढून घेतं. थंडीत बायकांचे हात भेगाळायचे, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. म्हणून मी खोबरेल तेलाची बाटली आणून नळाजवळच्या कोनाड्यात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत लावायचं आणि टबाला हात लावायच्या आधी साबणानं दोनदा धुवायचं, असा नियम. नियम माझा, पण तो पाळून घ्यायची सुशीलाक्का. नव्या पोरींचे हात ती स्वतः हुंगून बघायची. "तेल रबराला खातं गं, नवऱ्यासारखं. आधी गुळगुळीत लागतंय," असं म्हणायची आणि सगळा टब हसायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षात थंडी कडक पडली होती. सकाळी पंचगंगेच्या पुलावर धुकं इतकं, की पुढच्या ट्रॉलीचा ऊस स्कूटरच्या चाकाखाली आल्यावरच दिसायचा. कंपनीची मागणी दुप्पट झाली होती. द्रव कंपनीच पुरवायची, सीलबंद निळ्या ड्रममधून. त्या आठवड्यात नवे ड्रम आले. सील मीच तोडलं. तासाभरानं सुशीलाक्कानं टबातून हात काढले आणि तशीच ओले हात पुढं धरून माझ्या टेबलाशी आली.

"वैनी, हे पाणी येगळं हाय."

"काय वेगळं?"

"रोज हाताला कोरडं लागतंय. आज बुळबुळीत लागतंय."

"कंपनीचं सील होतं आक्का त्याच्यावर."

"सील हाताला लागत न्हाय की."

मी चिडले. माल द्यायचा होता आणि ही रसायन शिकवत होती. तरी माझ्या धंद्याच्या अकलेनं मला फोन करायला लावला. मी इंगवले साहेबांना सांगितलं, "आमची सुशीलाक्का म्हणतेय, द्रव बुळबुळीत लागतोय." ते हसले. म्हणाले, "वैनी, ड्रम तपासून पाठवलेत. बिनधास्त वापरा. तुमच्या आक्कांना म्हणावं, हात चांगले धुवा." मी हा निरोप जसाच्या तसा टबापाशी जाऊन सांगितला. सुशीलाक्कानं हात पुन्हा बुडवले.

काही आवाज माणसाला नंतर ऐकू येतात. तिचे हात परत द्रवात गेले तेव्हा झालेला आवाज मी आता, चार वर्षांनी, ऐकते. तेव्हा प्रेसच्या धडधडीत तो कोणालाच ऐकू आला नसता.

संक्रांतीनंतर इंगवले साहेब स्वतः आले. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर करवतीनं कापलेली तीन माउंटिंग ठेवली. गाड्या उभ्या असतानाच हादरतात अशी तक्रार आली होती. पडद्याची कड भिजलेल्या भाकरीसारखी फुगली होती, तिथून द्रव गळून गेला होता. तिन्हींवर पिवळा ठिपका.

ते हात धुवायला नळाकडं गेले आणि खोबरेलाची बाटली घेऊन परत आले. टेबलावर ठेवली. "सापडलं, वैनी."

मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही. कागद आधीच टाइप केलेला होता. त्यात लिहिलं होतं की भरणी करणाऱ्या सर्व कामगारांच्या हातांना तेल असल्यानं रबर फुगलं, सबब आठही कामगार बदलावेत. आठ बायका काढल्या तर माझी शेड त्याच दिवशी बंद. मग मी जे करते ते केलं. भाव केला.

"आठ कशा? ठिपके बघा की."

"बरं, चार करू."

"चार कशा? तीन माल आणलात, तिन्ही एका रंगाचे."

"मग दोन तरी दाखवायला लागतील वैनी, वरती पटत नाही."

"एक. नाही तर कागद उचला आणि चला."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "तुमच्यापुढं कोणाचं चालतंय. एक. नाव फक्त फाइलला. बाईला काढूही नका. दोन महिने दुसऱ्या कामाला बसवा, विषय संपला."

आठावरून एकावर आणलं म्हणून मी मनातून खूश होते. हे मी लपवत नाही. त्यांनी कागदावर आठांच्या जागी सुशीलाक्काचं नाव घातलं; सही करताना मला वाटलं, सात घरं वाचवली. आठवं घर मी हिशोबात धरलंच नाही. त्यांना एकच पाहिजे होती आणि कोणती तेही ठरलेलं होतं, हे कळायला मला चैत्र उजाडला. त्या दुपारी भाव मी केलाच नव्हता. माझ्याकडून तो करून घेतला होता.

सुशीलाक्काला मी कात्री दिली आणि कडा कापायला बसवलं. "थंडीचा हाताला आराम," असं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. आठच दिवसांत त्या कागदाच्या प्रती वसाहतीत गेल्या. अशी चूक आपल्याकडे होऊ नये म्हणून, असं वर लिहिलेलं, खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव. दुसऱ्या शेडमधल्या एका पोरीनं येताना रिक्षात तिला तो वाचून दाखवला.

ती आली, डबा ठेवला आणि माझ्यासमोर दोन्ही पंजे धरले. "हुंगून बघ."

"आक्का, ते कागदापुरतं हाय."

"कागद तुमचा आसल. नाव माझं हाय न्हवं?"

मी हुंगले नाहीत. हुंगले असते तर काही तरी बोलावं लागलं असतं. तिनं नळावर हात धुतले, नेहमीसारखे दोनदा, डबा परत उचलला आणि गेली. टबाजवळच्या सातजणी माउंटिंग भरत राहिल्या. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि शेडचा पत्रा वाजत होता.

पाडव्याच्या आसपास मी लोखंडी कड्यांसाठी भंगाराच्या दुकानात गेले होते. त्याच्याशी घासाघीस चालू असताना मागच्या ढिगाकडं नजर गेली. माझी माउंटिंग. कंपनीनं मोडीत काढलेली. मी मांडी घालून बसले आणि एक एक उचलून बघितलं. लाल ठिपका, कड फुगलेली. हिरवा, फुगलेली. निळा, पांढरा, जांभळा. आठही रंग होते. आठजणींचे हात एकाच वेळी तेलकट नव्हते. सगळ्या एकाच ड्रममधून भरत होत्या.

भंगारवाला म्हणाला, "काय वैनी, घरचा माल परत घेताय व्हय?" मी त्याला दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

त्या आठवड्यात आलेल्या निळ्या ड्रमांतला एक, रिकामा झाल्यावर, मी शेडमागं पाण्यासाठी ठेवला होता. पाण्यावर रंगीत तवंग यायचा आणि मी रोज तो बघत होते. त्या दिवशी नाक घातलं. इंजिन ऑइल. कोणीतरी तेलाचे जुने ड्रम नुसते विसळून त्यात ग्लायकॉल भरलं होतं आणि वर नवं सील मारलं होतं. मी तीन बरण्या मांडल्या. एकीत चांगला द्रव, दुसरीत चांगल्या द्रवात खोबरेलाचा थेंब, तिसरीत त्या ड्रमच्या तळाचा गाळ. तिन्हींत एकाच पट्टीचे रबराचे तुकडे टाकले. पंधरवड्यानं पहिले दोन होते तसे होते. तिसरा फुगून दुप्पट. बरण्या अजून शेडच्या खिडकीत आहेत, कोणीही येऊन बघावं.

मी फोन लावला. "साहेब, भंगारात सगळ्या रंगांचे मिळाले."

पलीकडून, "वैनी, फाइल बंद झाली. आता उकरून कुणाचं भलं?"

"तुम्ही तीनच का आणले?"

"हाताला आले ते आणले."

"हाताला पिवळेच कसे आले?"

फोन बंद. पण उत्तर मला मिळालं होतं. ड्रम चुकीचा आहे असं म्हणणारी एकच बाई होती, आणि तिचं नाव त्यांना मीच फोनवर दिलं होतं. रंग भिंतीवरच्या तक्त्यात होता. जिनं तोंड उघडलं तिचेच हात खोटे ठरवले, म्हणजे ड्रम कोणी घेतले, कोणी तपासले, हा प्रश्न उरत नाही.

चांगलं माउंटिंग असं असतं की ते आहे हे कोणाला कळतच नाही. गाडीत बसलेला माणूस झोपतो, गाणी ऐकतो, पोराला मांडीवर घेतो. खाली अंधारात रबर आणि द्रव सगळे हिसके आपल्या अंगावर घेत असतात. आतून फाटेपर्यंत त्याची कोणी आठवण काढत नाही. मी कितीदा पुण्याला जाताना मऊ चालणाऱ्या गाडीत बसून विचार केला आहे, की यात सुशीलाक्काच्या हातचं असेल का. असेलही. घाटात ती गाडी सरळ चालते, आणि जिनं ते भरलं तिच्या नावाचा कागद वसाहतीतल्या प्रत्येक शेडमध्ये आहे. त्यानंतर तिनं चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी नाव सांगितल्यावर एकच बोलले, "तेलाच्या हाताची ती तूच का?"

मी त्यानंतरही त्या कंपनीचं काम घेत राहिले. नवे ड्रम आले, चांगले आले, कोणी काही बोललं नाही. तीन हंगाम मी स्वतःला सांगितलं की सात घरं आहेत. यंदा ट्रॉल्यांची रांग लागली, कपात पुन्हा रेघा उठल्या, आणि मी चहा तसाच ठेवून हातकणंगल्याला गेले.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं घर. अंगणात ती उसाच्या वाड्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या बांधत होती, जनावरांना वैरण म्हणून विकायला. उसाचं पातं ब्लेडसारखं असतं. हात कोपरापर्यंत चिरलेले. मला बघून तिनं पेंढी सोडली नाही, गाठ मारून पुरी केली.

"बस. खाली बसाय लागंल."

मी बसले. रंग, ढीग, ड्रम, बरण्या, सगळं सांगितलं. फोनवर तिचं नाव मीच दिलं होतं हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं, आक्का."

"चार वरसानं?"

"हो."

"आन् हे माझ्या दारात सांगून काय उपेग? माझ्या दारात मी हाय आन् म्हस हाय. दोघींनाबी म्हायती हाय, माझ्या हाताला तेल नव्हतं."

"मग काय करू? परत कामावर ये."

"ईन की. कुठलं नाव घिऊन ईऊ? त्यो कागद जितक्यांनी वाचला, तितक्यांनी दुसरा कागद वाचाय पायजे. त्येच्यावर तुझी सही पायजे आन् त्येची बी पायजे. मग ईन." तिनं पुढची पेंढी ओढली. "तू भाव लई चांगला करतीस म्हणं. हितं करू नगंस."

मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

परत येऊन मी दुसरा कागद लिहिला. सही केली, प्रती काढल्या आणि वसाहतीत दारोदार स्वतः दिल्या. काहींनी वाचला, काहींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. कंपनीलाही पाठवला. तिकडून उत्तर नाही. फक्त पुढच्या महिन्याची मागणी आलेली नाही, म्हणजे पोहोचला आहे. शेडमधल्या सातजणींना मी टबाजवळ उभं करून सगळं सांगितलं, मागणी गेल्याचंही. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "मग त्येची सही कधी येणार, वैनी?" दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या कागदावर सहीच्या दोन जागा आहेत. एक भरली आहे.

इंगवले साहेब, तेलाचे ड्रम कोणी घेतले, कोणी तपासले म्हणून लिहिलं, आणि ढिगातून तीनच माउंटिंग कोणी निवडली, हे तुम्हाला माहीत आहे. या हंगामात, दिवसाउजेडी, शिरोलीला या. सुशीलाक्काला मी घेऊन येते. आठही बायकांपुढं उभं राहून बोला, आणि जे बोलाल त्याखाली सही करा. मला फोन करू नका, मला समजावू नका, माझ्याशी तडजोड करू नका. उत्तर मला द्यायचं नाही. तिला द्या.